पार्सलचा हात

मला बास्केटबॉलची काडीचीही आवड नाही, हे आधीच सांगून टाकते. मला झोप हवी होती. रात्रीची, सलग, कोणी हाक न मारता मिळणारी. त्यासाठी मी कुस्तीही खेळले असते.

आमच्या पार्सलच्या कंपनीत दरवर्षी सगळ्या डेपोंच्या बायकांची स्पर्धा होते. एरवी बक्षीस म्हणजे एक कप आणि साहेबांचं भाषण. यंदा साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी जाहीर केलं की आपला डेपो अजिंक्य ठरला तर खेळणाऱ्या प्रत्येकीला वर्षभर हवी ती पाळी मिळेल. मी त्याच दिवशी नाव दिलं. फोर्कलिफ्ट चालवणारे दादा आमचे कोच. त्यांनी मला नुसतं खालून वर पाहिलं आणि घेतलं. उंचीपायी आयुष्यभर हेच झालंय. घरातही माळ्यावरचा डबा काढायचा असला की लोकांना माझी आठवण होते.

रात्रपाळी माझ्या गळ्यात कशी पडली ते ऐका. आम्ही दोघी जावा एकाच घरात आणि एकाच डेपोत. दोघींचे नवरे लांबच्या ट्रकवर, घरी येतात ते पाहुण्यासारखे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्याजवळ सतत कोणीतरी लागणार हे उघड होतं. धाकटीचं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं, त्यामुळे रात्री ती घरी हवीच. मी मोठी. 'घेते मी रात्रपाळी, बाळ मोठं होईपर्यंत,' असं मोठेपणा मिरवत म्हणाले. बाळ मोठं झालं, शाळेत जाऊन उलट उत्तरं द्यायला लागलं, माझी रात्रपाळी मात्र हलली नाही. सकाळी मी घरात शिरायची आणि धाकटी बाहेर पडायची. मग सासूबाईंचं अंग पुसा, कूस बदला, भरवा, औषध द्या, आणि मधे सापडेल तेवढं झोपा. सासूबाई स्वभावानं गरीब, पण जरा डोळा लागला की 'आहेस ना गं?' म्हणून विचारतात. आहे, बाई. जाणार कुठे?

आता मला दिवसपाळी मिळाली तर दिवसा सासूबाईंजवळ कोण, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला पडत नव्हता. दमलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, उशी तेवढी दिसते.

अंतिम सामना दुपारचा होता. मी रात्रभर पार्सलच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून तशीच आलेली. कपडे बदलायच्या खोलीत बूट घालता घालता मला डुलकी लागली. धाकटीनं खांदा हलवला.

"ताई, डावा बूट उजव्या पायात गेलाय."

"चालतंय. दोन्ही पाय सारखेच दुखतायत."

शेजारच्या काकू सासूबाईंपाशी बसल्या होत्या, म्हणून आम्ही दोघी एकाच वेळी घराबाहेर होतो. असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवेना.

समोर मुख्य डेपोचा संघ. त्यांच्या पोरी इतक्या ताज्यातवान्या की बघूनच मला जांभई आली. आमच्यात खरी खेळणारी धाकटीच. शाळेत असताना खेळलेली, पायाला भिंगरी लावल्यासारखी पळत होती. माझं काम बास्केटखाली हात वर करून उभं राहायचं आणि धक्के खायचे. धक्का बसला की फ्री थ्रो मिळतो. म्हणजे ठरलेल्या रेषेवर उभं राहून, कोणी मधे न येता, निवांत चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. ऐकायला किती सोपं. पण माझा एकही जात नव्हता. प्रत्येक चेंडू रिंगच्या अलीकडच्या कडेला टेकायचा आणि गुमान खाली पडायचा. मी म्हटलं, रिंगच वर लावलीय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

दादा बाहेरून सांगत होते, कोपर आत घे, गुडघे वाकव, श्वास सोड. एवढं सगळं एकदम करायचं तर मला आणखी एक अंग लागलं असतं.

खेळ संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू माझ्या हातात आला, मागून कोणीतरी धडकलं आणि मी आडवी झाले. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर कप आमचा आणि रात्र माझी. जमीन इतकी गार लागत होती की उठूच नये असं वाटलं. धाकटीनं हात धरून ओढलं.

"ताई, तुम्ही पार्सल टाकताय," ती हळूच म्हणाली.

"काय टाकतेय?"

"पिंजऱ्यात टाकतो तसं. अलीकडच्या कडेवरून, अलगद."

आमच्या कामात पट्ट्यावरून पार्सल उचलायचं आणि समोरच्या चाकांच्या पिंजऱ्यात टाकायचं असतं. नव्या मुली जोरात फेकतात. पार्सल मागच्या जाळीवर आपटतं, आत कोणाची तरी बरणी फुटते आणि तक्रार टाकणारीच्या नावावर लागते. म्हणून पहिल्यापासून शिकवतात की कडा ओलांडली की पुरे, वस्तू आत निजवायची. माझ्या नावावर आजवर एकही तक्रार नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि म्हणून रागही आला. ही गोणी विभागातली, जिथे सगळं फेकूनच द्यायचं, ही मला हात शिकवणार?

"यात काच नाहीये," धाकटी म्हणाली. "मागच्या कडेवर आपटा. फुटलं तर फुटलं, तक्रार माझ्या नावावर लावा."

"आणि कोपर?"

"कोपर गेलं खड्ड्यात."

मी रेषेवर उभी राहिले आणि मागच्या कडेकडे बघून फेकला. चेंडू धाडकन आदळला, वर उडाला आणि सरळ आत पडला. बरोबरी झाली. आवाज मात्र खरंच कोणाचं तरी काही फोडल्यासारखा.

दुसऱ्या वेळी हात पुन्हा मऊ पडायला लागला. सवय कुठे सुटते? कडेला उभी असलेली धाकटी माझ्याकडे बघत होती, तिनं नकारार्थी मान हलवली. मग मी त्या चेंडूवर सगळं काढलं, पट्ट्याची घरघर, सकाळचं डोळ्यांत जाणारं ऊन, अर्धवट तुटलेल्या झोपा, आणि दुपारी मोकळं हसणाऱ्या सगळ्या दिवसपाळीवाल्या. चेंडू फळीवर आपटला, रिंगवर आपटला आणि आत गेला. उरलेल्या क्षणांत त्यांच्या पोरीनं लांबून एक फेकला, तो कुठल्या कुठे गेला. जिंकलो. बाकीच्या नाचल्या. मी बाकावर बसले आणि मला रडू आलं.

साहेबांनी भाषण केलं, शब्द पाळणार, नव्या पाळ्या सोमवारपासून म्हणाले, प्रत्येकीला जवळ बोलावून कोणती पाळी हवी ते विचारलं. मी दिवसपाळी म्हणाले. घाई होती, घरी काकूंना मोकळं करायचं होतं. आम्ही दोघी बस स्टॉपवर येऊन उभ्या राहिलो.

"तू काय सांगितलंस?" मी सहज विचारलं. ती आधीच दिवसपाळीत, तिला काय सांगायचं असणार?

"रात्रपाळी."

तेव्हा कुठे, दिवसा सासूबाईंजवळ कोण, तो प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला. या कपातून धाकटीला काहीच मिळणार नव्हतं. उलट आम्ही जिंकलो तर तिची रात्र जाणार होती. मी नाव दिलं त्या दिवसापासून तिला हे कळत होतं. आणि तरी रेषेवर येऊन माझा हात तिनंच सुधारला.

"बाळ शाळेत जायला लागलं तेव्हाच मी म्हणायला हवं होतं," ती बस येते त्या बाजूला बघत म्हणाली. "तुम्ही विषय काढला नाहीत, मग मीही गप्प बसले. मला रात्री झोप मिळत होती ना, ताई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली अजून काहीच नव्हतं. वर्षभरात तिचा चेहरा माझ्यासारखा होईल. 'असं नको, महिना महिना वाटून घेऊ' हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. वाटून घेता आलंही असतं, आणि तेच रास्त होतं.

"सोमवारपासूनच ना?" मी विचारलं.