सहीचा माणूस

चिंधी तिसऱ्यांदा अडकली आणि लिफ्टकाकांनी मोटर बंद केली.

दोर तपासायची त्यांची रीत जुनी होती. लिफ्ट अगदी सावकाश चालवायची आणि सरकत्या तारेच्या दोराला सुती चिंधी धरून ठेवायची. दोर धड असेल तर चिंधी नुसती काळी होते. एखादी तार तुटून वर आली असेल, तर ती चिंधीला पकडते. गेल्या वर्षी सबंध दोरात एकदा पकडलं होतं. आज हातभर अंतरात तीनदा.

“मग काय झालं?” मागे उभे असलेले इमारतीचे मालक म्हणाले. “चालतेय ना अजून? दोन महिन्यांत इमारत विकली जातेय. नवा दोर नवा मालक घालेल. तुम्ही आपली तपासणीच्या दाखल्यावर सही करा. परवा सकाळपर्यंत हवाय मला.”

“नाही जमणार, मालक. सात मजले आहेत. माणसं चढतात-उतरतात.”

मालक चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून स्टॅम्पपेपरची घडी काढली आणि मऊ आवाजात म्हणाले, “काका, ही सही कुणाची? आम्ही आमच्या शब्दाला जागलो. आता तुम्ही जागा. नाहीतर कोर्ट आहेच.”

सही काकांचीच होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको ऑपरेशन होऊन दवाखान्यातून घरी यायची होती आणि नेमकी त्याच आठवड्यात राहती जागा सुटली. मालकांनी गच्चीवरची खोली दिली, दोघांच्या हयातीपर्यंत. त्याच्या बदल्यात कागदावर लिहून घेतलं, ‘मालक सांगतील तेव्हा, तपासणी होवो न होवो, लिफ्टच्या दाखल्यावर सही करून देईन.’ काकांनी ती ओळ वाचली होती. पण तपासणी आपण करणारच आहोत, मग ‘न होवो’ लिहिलं काय नि न लिहिलं काय, असं म्हणून त्यांनी पेन उचललं. त्यानंतर दर वर्षी चिंधी धरली, दर वर्षी खरी सही केली. ती ओळ कागदात निवांत झोपून राहिली होती.

आणि काका पडले दिल्या शब्दाचे गुलाम. एकदा बायकोच्या मावशीला ‘उद्या पंखा बघायला येतो’ म्हणाले, तर अंगात सणकून ताप असताना स्टुलावर चढले होते. पंखा सुरू झाला आणि काकांनाच हुडहुडी भरली.

दोन दिवस ‘तपासणी चालू आहे’ असं सांगून त्यांनी लिफ्ट थांबवून ठेवली, आणि दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरेना. सही करावी तर कुणाचा तरी जीव जायचा. न करावी तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही खोटी पडायची. शेवटी बायकोच वैतागली.

“अहो, त्या कागदाकडे बघून काय तो बोलायला लागणारेय? चौथ्या मजल्यावर वकीलबाई आहेत ना, विचारा त्यांना. बेल दुरुस्त करायला बऱ्या बोलावतात तुम्हाला!”

वकीलबाई निवृत्त होत्या, गुडघ्यांनी बेजार होत्या, पण नजर शाबूत होती. त्यांनी काकांकडची प्रत एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि चक्क हसल्या.

“काका, याने फार तर खिडकीची काच पुसा.”

“बाई, स्टॅम्पपेपर आहे. सही आहे.”

“असू दे. करारात एकाने काही द्यायचं, दुसऱ्याने त्याच्या बदल्यात काही द्यायचं. हे देणं-घेणं कायद्यात बसणारं हवं, आणि करार ज्यासाठी केला तो हेतूही. खोली देणं ठीक आहे. पण तुम्ही काय देणार? खोटा दाखला! तो देणं गुन्हा आहे. असला करार मुळातच रद्द. कितीही स्टॅम्प लावा.”

“म्हणजे मी सही नाही केली, तर शब्द मोडला असं नाही होत?”

“अहो, जो शब्द द्यायचाच अधिकार नव्हता, तो मोडणार कसा?”

काका खुर्चीत मागे टेकले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकवली होती.

“पण नीट ऐका,” बाईंचा आवाज उतरला. “खोली त्या सहीच्या बदल्यात दिलीय. सही गेली की या कागदावर खोलीही मागता येणार नाही. आणि लिफ्ट अशीच बंद राहिली की माझे गुडघेही काही तुमचे आभार मानणार नाहीत.”

“खोलीचं बघू हो,” काका म्हणाले. त्यांना एकदम कडकडून भूक लागली होती. “बाई, काही खायला आहे का घरात?”

बाईंनी त्यांना खाऊ घातलं आणि ते खात असतानाच लिफ्ट निरीक्षकाला पत्र लिहून टाकलं.

बायकोला सांगताना मात्र काकांची जीभ जड झाली. तिने सगळं ऐकून घेतलं, गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्यांकडे पाहिलं. डोळे भरले, ते तिने लपवले नाहीत. मग म्हणाली, “बहिणीकडे मागची खोली रिकामी आहे. आधी कपाट उतरवू, तेच जड आहे. आणि तुम्ही आज पोटभर जेवा बाई एकदाचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी लिफ्टचा फ्यूज काढला आणि तळमजल्याच्या दारावर पाटी लावली, ‘दोर धोकादायक. बदलेपर्यंत लिफ्ट बंद.’ खाली ठसठशीत सही केली.

मालकांनी पाटी वाचली. सही मिळणार नाही आणि आपण खोली सोडतोय, हे काकांनी त्यांना आदल्या रात्रीच सांगितलं होतं. “सात मजले कपाट जिन्याने उतरवणार? या वयात?” ते म्हणाले. “एक खेप लिफ्टने करा की. मग लावा पाटी. कोण बघतंय?”

“कपाटाबरोबर माणूसही उतरतो, मालक,” काका म्हणाले आणि वर गेले.

मेहुण्याने कपाटाचं एक टोक धरलं, काकांनी दुसरं. चौथ्या मजल्यावर वकीलबाईंनी दाराबाहेर खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. मागून कुंडी घेऊन येणारी बायको खुर्चीवर टेकली. काका घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा कपाटाला हात घातला.

खाली पोचल्यावर त्यांनी कपाट टेकवलं. वाऱ्याने पाटी एका बाजूला कलली होती. काकांनी खिशातली काळी चिंधी काढून हात पुसले, पाटी सरळ केली आणि दुसऱ्या खेपेसाठी जिना चढू लागले.