सगळ्यांचं ९.८

ब्युरेटमधल्या द्रावणाची पातळी १२.४च्या रेघेला टेकली होती. पातळी वाचायची तर डोळे रेघेच्या बरोबर समोर हवेत, म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेवर असलेली प्राध्यापिका भामा गुडघ्यांत वाकली, खोलगट कडेची खालची बाजू नीट पाहिली आणि मग शेजारचा उत्तराचा कागद पाहिला. कागदावर ९.८ लिहिलं होतं.

पुढच्या टेबलावरही तेच. त्यापुढच्याही. फ्लास्कमधला गुलाबी रंग अगदी हवा तसा, फिकट. म्हणजे प्रयोग मुलांनी केला होता, बऱ्यापैकी नीट केला होता, आणि मग आपल्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता ९.८ लिहून टाकलं होतं.

९.८ कुठून आलं हे तिला माहीत होतं. जामबागच्या या कॉलेजात प्रयोगवहीला रेकॉर्ड म्हणतात, आणि पास झालेल्यांच्या रेकॉर्डच्या झेरॉक्स कोठीच्या बाजारात सहज मिळतात; त्यांत या प्रयोगाचं उत्तर दर वर्षी ९.८. शेवटच्या ओळीतल्या रुपालीच्या कागदावर मात्र १२.४ होतं. काचीगुड्याहून बसने येणारी, वर्गात क्वचित बोलणारी मुलगी. आजूबाजूच्या कागदांवर तिची नजर नक्की गेली असणार, कारण १२.४ तिने दोनदा गिरवलं होतं.

परीक्षा संपल्यावर भामाने तेच द्रावण घेऊन स्वतः टायट्रेशन केलं. १२.४. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली जुनी, झाकण ढिलं. ओल धरल्यामुळे द्रावण पातळ झालेलं, म्हणून ते जास्त लागत होतं. त्यात नवल काही नव्हतं. म्हणून तर परीक्षेच्या दिवशी सकाळी परीक्षकाने आधी स्वतः टायट्रेशन करायचं आणि येईल ते रीडिंग प्रमाण धरायचं, असा नियम होता. तिने गुणांचा तक्ता उघडला. प्रमाण रीडिंगच्या रकान्यात परीक्षक असलेल्या विभागप्रमुख प्रतापरावांच्या सुबक अक्षरात ९.८ होतं. मागच्या वर्षी तेच होतं. त्याच्या मागच्या वर्षीही.

तक्त्याप्रमाणे साऱ्या वर्गाला पूर्ण गुण आणि रुपालीला शून्य. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे एम.एस्सी.चा प्रवेश गेला.

सरांना या रकान्याबद्दल विचारायचं, हे भामा दर परीक्षेला ठरवायची आणि निकाल लागेपर्यंत पुढे ढकलायची. प्रतापराव तिच्या वडिलांचे स्नेही, तिला इथे लावून घेणारे तेच, आणि माणूस खरोखर भला. आजवर द्रावणानेही ९.८च्या आसपासच रीडिंग देऊन त्यांची लाज राखली होती.

ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते खुशीत होते. नक्कल रोखण्यासाठी कॉलेजने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर त्यांचं व्याख्यान होतं. चाचणीसाठी याच वर्गाची रेकॉर्ड स्कॅन करून घातली होती. सॉफ्टवेअरने सगळी अस्सल ठरवली, हे त्यांनी तिला पडद्यावर दाखवलं. प्रत्येकाचं अक्षर वेगळं होतं ना.

भामाने त्यांना १२.४बद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि बाटली बदलायला हवी म्हणाले. पुढच्या वर्षी द्रावण असं करायचं, की रीडिंग ९.८च येईल. मग कोणाचंच नुकसान नाही.

“आणि रुपाली?”

“कोण, ती काचीगुड्याची? गरीब आहे गं पोरगी. तिला बोलाव, ९.८ लिहून घे, मी सही करतो. मी आहे ना.” तिचा चेहरा पाहून ते हसले. “जाने दो भामा, तू अगदी वडिलांवर गेलीस. त्यांनाही दशांशाची फार काळजी.”

“सर, आज सकाळी टायट्रेशन कोणी केलं?”

“सकाळी व्याख्यानाची तयारी होती.”

“मागच्या वर्षी?”

त्यांनी बशीतलं बिस्किट तिच्याकडे सरकवलं. उगाच ताणू नकोस, म्हणाले. सत्तर मुलांना नापास केलं तर प्राचार्य विचारतील, पालक येतील, पेपरात येईल. एका मुलीचा आकडा बदलला तर कोणालाच काही विचारायचं कारण उरत नाही. आणि नक्कल रोखायची तर आहेच, त्यासाठीच तर व्याख्यान.

पडद्यावर वर्गाची नावं अजून हिरव्या रंगात दिसत होती. त्यांत रुपालीही होती, इतरांइतकीच अस्सल.

भामाने चहा संपवला. कप बशीत ठेवला. तक्ता त्यांच्यासमोर ठेवून ९.८वर एक सरळ रेघ मारली, वर १२.४ लिहिलं, खाली आपली सही केली. प्रतापरावांच्या सहीची जागा रिकामी होती. पेन तिने त्यांच्याकडे केलं.

“रुपाली पास झाली, सर,” ती म्हणाली. “बाकीचे परीक्षेला पुन्हा बसतील. त्या दिवशी पहिलं टायट्रेशन तुम्ही करायचं, आणि मी शेजारी उभी राहून रीडिंग बघणार.”