डांगराला दुपटं

नाशिकच्या द्वारका चौकातल्या फर्निचरच्या दुकानात पाऊल टाकल्यापासून भाग्यश्रीला साईचं रडणं ऐकू येत होतं. साई नाशिक रोडला, घरी, ज्ञानेशच्या मांडीवर होता. पण चौकात एखाद्या ट्रकने ब्रेक दाबला, की तिच्या छातीत दूध दाटून यायचं. खांद्यावर त्याचं दुपटं तसंच राहिलं होतं. बसमध्ये कुणी सांगितलंही नाही.

सिझेरियनचे टाके अजून ओढत होते. बाळाचा लंगोट बदलायला खाली बसलं, की उठताना अंधारी यायची. म्हणून मग पलंगावर. परवा तिथेच पावडरचा डबा घ्यायला ती वळली आणि साई पार कडेला. पडला नाही, पण तेव्हापासून तिच्या मनात तो रोज पडत होता.

उद्यापासून ज्ञानेशची प्रेसमधली ड्युटी सुरू. सासूबाई कलाबाईही मखमलाबादला मळ्यात परत जाणार. घरात ती आणि साई, दोघंच. दवाखान्यात बसल्या बसल्या एका इंग्रजी मासिकात तिने बाळासाठीचं टेबल पाहिलं होतं. कमरेएवढं उंच, पांढरंशुभ्र, बाजूंनी कठडे. तेव्हापासून ते तिच्या स्वप्नात येत होतं.

"बाळासाठी टेबल?" दुकानदार दीपकशेठ हसले. "वहिनी, आत्तापासून क्लासला घालताय काय? सध्या आपल्याकडे नुसती कॉम्प्युटर टेबलं."

भाग्यश्री रांगेतून हळूहळू फिरत राहिली. काचेच्या टीपॉयवर साई झोपला होता आणि काच ढगासारखी विरघळत होती. जेवणाच्या टेबलावर तो लोळत लोळत लांब जात होता, तिचा हात पुरत नव्हता. प्रत्येक टेबलावर तो हसायचा, आणि मग घसरायचा.

"अगं, नुसतं बघून काय कळणार हाय?" सोबत आलेल्या कलाबाई म्हणाल्या. सकाळीच त्या मळ्यावर जाऊन आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी डांगर काढलं, लांबट तांबडा भोपळा, आणि हातात तोललं. "आपल्या साईएवढंच भरंल. आण ते दुपटं."

दीपकशेठ तोंडावर हात धरून बघत होते. कलाबाईंनी डांगर अस्सं गुंडाळलं, की भाग्यश्रीने ते घेताना नकळत मानेखाली हात घातला. डांगराला कुठली मान! पण दुपट्याला साईचा वास होता. तिने ते एका कॉम्प्युटर टेबलावर अलगद ठेवलं. पाठ वाकली नाही. टाके ओढले नाहीत.

"आणि हे फळकूट सरकतंय कशाला?"

"की-बोर्डला, आजी."

"लंगोटाला लय बेस."

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. घरून! साई! भाग्यश्री गर्रकन वळली. दीपकशेठनी फोन उचलला. कुणाच्या तरी कपाटाची चौकशी होती. मग तिने टेबलाकडे बघितलं. डांगर लोळत कडेपर्यंत आलं होतं आणि तिच्या तळहाताला टेकून थांबलं होतं.

"हात तू ठेवलास?" कलाबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे... कधी ठेवला?"

"फोनकडं बघत व्हतीस तू. हाताला कोणी सांगितलं नाय." कलाबाईंनी दुपट्याची सुटलेली गाठ पुन्हा खोचली. "आता घेऊन टाक हे."

भाग्यश्री क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिली. मग दीपकशेठना म्हणाली, "वरची मॉनिटरची फळी काढा. आणि कडांना चार बोटं पट्टी मारून द्या. तिन्ही बाजूंनी. चौथीला मी उभी असते."

संध्याकाळी टेम्पोतून टेबल घरी आलं. कलाबाईंच्या घरात अख्खं डांगर बायका चिरत नाहीत. पहिला घाव पुरुषाने घालायचा. ज्ञानेश विळी घेऊन बसला, तशी भाग्यश्री म्हणाली, "आज नको ना."

"का गं?"

"नको म्हणते ना ती," कलाबाई पुढे झाल्या. "मलाबी कसंतरीच होतंय. पिठलं टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश आणि कलाबाईंच्या मागे दार लागलं आणि घर एकदम मोठं झालं. साई टेबलावर पाय झाडत होता. खालच्या कप्प्यात डांगर स्वस्थ बसलं होतं. भाग्यश्रीने एक हात साईच्या पोटावर ठेवला, दुसऱ्याने फळी ओढून कोरडा लंगोट काढला. खिडकीबाहेर उन्हात कुणाचीतरी दुपटी वाळत होती, पांढरी, हळूहळू फुगत. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तळहाताखाली साईचं पोट वरखाली होत होतं.

तरी एकदा तिने वळून बघितलंच.