टोक जिकडे, वाट तिकडे

मी पायवाट बोलतेय. बोलतेय कसली, खेकसतेय. आवाज खालून येतोय, तेव्हा मोबाईल खिशात घाला आणि जरा बुटांकडे बघा.

माझं एक टोक शहरात आहे, बसच्या शेवटच्या थांब्यामागे. तिथे पंक्चरवाला आणि इस्त्रीवाला यांच्या दुकानांमध्ये एक बोळ आहे. जुन्या टायरांना वळसा घालून, इस्त्रीवाल्याच्या चादरींखालून वाकून बाहेर आलात की मी सुरू होते. दुसरं टोक डोंगरांपलीकडे, बऱ्याच मुक्कामांवर. मधे सगळं जंगल.

माझी जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. आधी हरणं गेली, मग गुरं, मग गुरांमागे शिव्या देत गुराखी. कानावर पहिला शब्द पडला तो शिवीचाच, म्हणून तोंड हे असं. शिक्षणही बेताचंच. थोडी अक्षरं पाट्यांवरून शिकले, बाकीची झाडांवर कोरलेल्या नावांवरून. एकाने एका झाडावर दोन नावं कोरली आणि पुढच्या वर्षी दुसरीलाच घेऊन आला. त्या झाडापाशी पोचल्यावर तिला म्हणतो, "तिकडे बघ, केवढा पक्षी." पक्षी नव्हता. मी मात्र त्याच्या पायाखालचा दगड जरा सैल केला.

अशा खोड्या मी पहिल्यापासून करते. "मी दर वर्षी येतो, मला सगळं पाठ आहे" असं म्हणणारा दिसला की त्याला चिखलात बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मला तुडवता, त्याचा राग नाही. तुडवून घेणं हा माझा धंदाच आहे. आज मी चिडलेय ते दुसऱ्याच कारणाने.

वर खिंडीच्या अलीकडे एक सपाट कातळ आहे. तिथे माझं काही चालत नाही. मातीत माझा माग राहतो, गवतात राहतो, कातळावर कसा राहणार? डावीकडे गेलात तर खिंड, सरळ गेलात तर कडा. धुकं उतरलं की दोन्ही सारखेच दिसतात.

शहरातला एक गवंडी सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन फिरायला यायचा. नवीन लग्न, पण याचं लक्ष दगडांकडे. त्याने अशा प्रत्येक अवघड जागी दगडांची उतरंड रचली. खाली मोठा, मधे चपटा, वर टोकदार. चपट्या दगडावर छिन्नीने अर्धा चंद्र कोरला, ती त्याची खूण.

"टोक जिकडे, वाट तिकडे," तो बायकोला म्हणाला.

"आणि टोक पडलं तर?"

"मग तू उभी राहा नाक पुढे करून."

ती महिनाभर त्याच्याशी नाक मुरडूनच बोलली असेल. पण उतरंडीचा नियम येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपणहून पाळला. पडलेली दिसली तर उचलून ठेवायची, नवी कुठेही रचायची नाही.

खिंडीत त्याने एक बाकही बांधला. डोंगर सोडून शहराकडे तोंड केलेला. लोक हसले. पण त्याने स्वतःच्या गच्चीवर चुन्याने मोठा पांढरा चौकोन रंगवला होता, आणि बाकावर बसलं की शहरातल्या सगळ्या गच्च्यांत तो बरोबर दिसायचा. "आपलं घर बघायला एवढं चढायचं?" असं बायको दर वेळी विचारायची, आणि दर वेळी चढायची.

वर्षं गेली, म्हातारा होऊन गवंडीही गेला. मग आले फोटोवाले.

यांचा म्होरक्या एक टोपीवाला. त्यांनी कातळ पाहिला आणि कुणीतरी म्हणालं, इथे दगडांचे मनोरे रचले तर फोटो काय येईल. लागले रचायला.

"हा बघ, काय मस्त चपटा आहे."

"अरे, तो कुणीतरी ठेवलेला दिसतोय."

"ठेवलाय ना? मग घे. शोधायचे कष्ट वाचले."

अशी गवंड्याची उतरंड मोडली. कातळभर मनोरे उभे राहिले, सगळ्यांची टोकं चहूकडे. पुढच्या सुट्टीला दुसरे आले, त्यांनी आणखी रचले. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या चिठ्ठ्या कुणी अदलाबदल करून गेलं तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल. मी काय करावं? मला तर डोकंही नाही.

आणि परवा गवंड्याची बायको आली. सोबत सून. म्हातारीचे डोळे चाललेत. डॉक्टरांनी सांगितलंय, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. मुलगा म्हणाला, चांगलं देऊळ दाखवतो, समुद्र दाखवतो. ही म्हणाली, मला बाकावरून आपली गच्ची बघायचीय. चौकोनाला नवा चुना लावून घेतला आणि निघाली.

"आई, दमलात तर सांगा."

"तू दमलीस की मी सांगेन. मघापासून शिट्टीसारखा श्वास वाजतोय तुझा."

कातळावर पोचल्या आणि धुकं उतरलं. सुनेला मनोरे दिसले, एक सोडून चार.

"आई, उतरंडी पुष्कळ आहेत हो."

"एकच होती."

"वाढवल्या असतील. ही मोठी आहे, हिचं टोक सरळ आहे. चला."

सरळ म्हणजे कडा. सून पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी मागे. मी खालून ओरडत होते, पण मला ऐकतं कोण? कातळाच्या कडेला एका भेगेत थोडी माती आहे आणि तिथे एका खुरट्या झाडाचं मूळ आहे. तेवढीच माझी जागा. आयुष्यभर गंमत म्हणून केलं ते त्या वेळी दात-ओठ खाऊन केलं. सुनेचा पाय मुळात अडकवला आणि तिला आडवी पाडली.

तिची स्टीलची बाटली सुटली. ठण, ठण, ठण करत गेली, आणि मग आवाजच नाही. बऱ्याच वेळाने खूप खालून एक बारीक ठण आला.

दोघी तिथेच बसल्या. म्हातारीने सुनेचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

धुकं विरलं तेव्हा सुनेचा घोटा सुजून टम्म झाला होता. खिंड समोर दिसत होती. बाकही दिसत होता, म्हणजे सुनेला दिसत होता.

"तुम्ही जाऊन या, मी बसते इथे."

"वेडी आहेस का? ऊठ, परत जायचंय."

पण जाण्याआधी म्हातारीने काठी उचलली आणि मनोरे पाडायला लागली. दिसत नव्हते ते चाचपून पाडले. सून एका पायावर उभी राहून सांगत होती, "आई, अजून एक, उजवीकडे." त्यातच एका दगडावर म्हातारीचा हात थांबला. अर्धा चंद्र. तिने तो बराच वेळ पोटाशी धरला. मग दोघींनी मिळून जुन्या जागी उतरंड रचली. टोक खिंडीकडे आहे ना, हे तिने सुनेकडून तीनदा वदवून घेतलं.

उतरताना टोपीवाला भेटला, नवी टोळी घेऊन चढत होता.

"आजी, वरचे मनोरे बघितलेत? आम्हीच सुरू केलं ते."

"बघितले ना. पाडून आले."

"अहो, केवढी मेहनत होती ती."

"हो का? मग माझ्या सुनेला पाठीवर घे आणि खाली चल. तीही मेहनतच आहे."

तो हसला आणि पुढे गेला. फार पुढे नाही. पहिल्या वळणावर मी त्याला असा बसवला की टोपी एकीकडे आणि तो एकीकडे. पण खरं सांगते, या वेळी मला हसू आलं नाही.

म्हातारी पुन्हा येणार आहे, सुनेचा पाय बरा झाला की. तोवर डोळे राहतील की नाही, तिलाही ठाऊक नाही. ती म्हणाली, नाही राहिले तर हाताने येईन. कातळावर वाकेल, चपट्या दगडावरचा अर्धा चंद्र शोधेल, वरच्या दगडाचं टोक चाचपेल आणि ते सांगेल तिकडे पाऊल टाकेल.

म्हणून तुम्हाला सांगतेय. त्या तीन दगडांना हात लावू नका. लावलात तर लक्षात ठेवा, परतीची वाटही मीच आहे आणि माझ्याकडे मुळं भरपूर आहेत.