चौऱ्याण्णवची खाच

माझ्या अंगावर चौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या रेघेशी एक खाच आहे. दोन मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर खोल. तिची डावी कड अजून धारदार आहे. उजवी मात्र काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, कारण एक माणूस वर्षानुवर्षे येता-जाता तिच्यावरून अंगठा फिरवत आला आहे. त्यांचे नाव भिमाजीआबा. आज सकाळी त्यांचा अंगठा पुन्हा त्या खाचेत होता, आणि दुसऱ्या हातात उघडा चाकू होता.

मित्रांनो, आजचे सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे, की माझी ओळख करून द्यायचेच राहिले. मी मासे मोजायची एक जुनी फळी आहे. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी एक लहानशी वाडी आहे. तिथे मी राहते.

त्याआधी मी खंडाळ्याच्या घाटात रुळांखाली आडवी पडलेली होते. माझ्या पाठीवरून गाड्या धापा टाकत घाट चढत. पुढे लाकडी स्लीपरांच्या जागी सिमेंटचे आले आणि आम्हाला काढून टाकले. कामशेतचे सुतार इकबालभाई यांनी माझी उभी चीर काढली, रंधा मारला, एका टोकाला माशाचे नाक टेकायला आडवी पट्टी बसवली आणि एका कडेला पितळी मोजपट्टी ठोकली. एकशेदहा सेंटिमीटर, एक मिलिमीटरसुद्धा कमी-जास्त नाही.

मला बनवले ते एका भांडणामुळे. त्याआधी वाडीत मासा वितीने मोजत. एकाचा मासा चार वीत, दुसऱ्याचा साडेचार. पण दुसऱ्याचा हात लहान. दोघांनी एकमेकांच्या मनगटाला धरून अर्धा दिवस वाद घातला. तेव्हा भिमाजीआबा तरुण होते. तेच इकबालभाईंकडे आले.

“भिमाजी,” इकबालभाई पितळी खिळा ठोकत म्हणाले होते, “मासा धरणारा वीतभर मासा हातभर सांगतो. ही पट्टी आता तुम्हाला तसं करू देणार नाही. बघा बुवा, परवडेल का?”

पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्याचे गढूळ पाणी धरणात उतरते. त्याचा वास लागला की मासे खालून वर, पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. वरच्या उथळ, खडकाळ, वाहत्या पाण्यात त्यांना अंडी घालायची असतात. याला आमच्याकडे चढण म्हणतात. त्या दोन-तीन दिवसांत वाडीतले झाडून सगळे ओढ्यावर जातात. कोणाकडे जाळे, कोणाकडे बांबूचा सापळा, कोणाकडे नुसती पाटी. चढणीचा सगळ्यात मोठा मासा माझ्यावर निजवायचा, त्याची शेपटी जिथे संपेल तिथे माझ्या कडेला चाकूने खाच पाडायची, आणि मासा आणणाऱ्याने पुढच्या हंगामाचे पहिले जाळे टाकायचे, असा मान ठरला.

काय दिवस होते ते! मला धुऊन-पुसून पारावर ठेवत. लोक रांगेने मासे आणत. पहिली खाच पडली अठ्ठ्याहत्तरवर. मासा होता खडशी: मोठे सोनेरी खवले, जाड ओठ, शेपटीत अशी ताकद की मी दगडावर सरकले. चौथ्या वर्षी आबांनी स्वतः धरलेली खडशी आली. चौऱ्याण्णव! वाडीने आबांना खांद्यावर घेतले. कामशेतच्या बाजारात माणसे त्यांना बघून हात वर करत. माझेही नाव झाले. वडिवळ्याची माणसे मुद्दाम मला बघायला येत आणि चौऱ्याण्णवच्या खाचेत बोट घालून “आयला!” म्हणत. मला स्वतःचा फार अभिमान वाटे. मी खोटे कधीच बोलले नव्हते.

पण मित्रांनो, मी एक चूक केली. मला फक्त सगळ्यात मोठा मासा विचारला जाई, आणि मीही तेवढाच सांगत राहिले.

एक्क्याऐंशी. त्र्याहत्तर. साठ. मध्ये एकदा सहासष्ट झाले तेव्हा सगळे खूश झाले. मग बावन्न. सत्तेचाळीस. खाचा माझ्या कडेवरून हळूहळू नाकपट्टीकडे सरकत होत्या. कोणी तिकडे पाहिले नाही. प्रत्येक वर्षी त्या वर्षीचा मोठा मासा मोठाच वाटे. एक्केचाळीसची खाच पडली ती शेवटच्या खडशीची. त्यानंतर जाळ्यात चिलापीच येऊ लागली. तो बाहेरून आलेला मासा. वीतभर लांबीचा, काटक, दुसऱ्यांची अंडी-पिल्ले खाणारा, आणि वाहते पाणी नसले तरी ज्याचे काही अडत नाही असा. चिलापीसाठी फळी कशाला लागते? आबांनी मला घरी नेले आणि गोठ्यातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले.

पिंपावर मी बारा पावसाळे काढले. एक म्हैस रोज माझ्यावर हनुवटी घासायची. पितळ हिरवे पडले. आबा म्हशीला पाणी पाजायला येत तेव्हा मात्र एक हात माझ्या कडेवर ठेवत आणि अंगठ्याने ती एक खाच शोधत. बाकीच्या खाचांना त्यांनी कधी हात लावला नाही.

मग माधवीबाई आल्या. लोणावळ्याच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवतात. धरणातल्या माशांची माहिती विचारत त्या वाडीत फिरत होत्या. हात धुवायला पिंपापाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी मला उचलले, दात घासायच्या ब्रशने माझी प्रत्येक खाच साफ केली, भिंग लावून पाहिले. आबांना विचारून खाचांची वर्षे लिहून घेतली. बावीस खाचा, बावीस वर्षे.

“आबा,” त्या हळूच म्हणाल्या, “याला काय म्हणतात माहितीये? हा अभ्यास आहे. तुम्ही न ठरवता केलेला.”

“म्हंजे मला डिग्री देताय जनू,” आबा हसले. “म्हशीलाबी द्या मग. तिनं बारा वर्सं सांभाळलाय.”

त्या दिवसापासून माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. माधवीबाई दर शनिवारी येतात आणि सगळे मासे मोजतात. मोठा, लहान, वाकडा, शेपटी तुटलेला, कोणताही. सात वर्षांत माझ्या अंगावरून तीन हजारांहून जास्त मासे गेले! इतके काम मला भरभराटीच्या काळातही नव्हते. पाटी रिकामी होईपर्यंत त्या एका हाताने मासा धरून आकडा वाचतात आणि दुसऱ्या हाताने लिहितात. जास्त बोलत नाहीत.

एकदाच त्या बराच वेळ बोलल्या. युरोपाच्या उत्तरेला बाल्टिक नावाचा एक समुद्र आहे, म्हणाल्या. जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला. मोठ्या समुद्राकडे जायला अरुंद वाट, त्यामुळे पाणी बदलायला कित्येक वर्षे लागतात. तिथे कॉड नावाचा मासा होता, माणसाच्या मांडीएवढा. खोल पाण्यातला प्राणवायू कमी झाला, मोठे मासे वेचून धरले गेले. आता जे उरलेत ते लहान आहेत, अशक्त आहेत, आणि लहान असतानाच अंडी घालतात. “एवढा समुद्र, आबा, तरी त्याला सोसलं नाही. कारण तो बंदिस्त आहे. आपलं पाणी तर त्याच्यापुढे ओंजळभर.”

“पर चढण तर आमी बापजाद्यांपासनं धरतोय,” आबा म्हणाले. “तवा न्हाई संपलं मासं?”

“बापजाद्यांच्या वेळी खाली भिंत नव्हती. अख्ख्या नदीतून मासा यायचा. आता जेवढा या पाण्यात आहे तेवढाच. त्याला अंडी घालायला जायची वाट एकच, हा ओढा. आणि त्या वाटेवर आपण सगळे जाळी घेऊन उभे.”

त्या वर्षी माधवीबाईंनी पहिल्यांदा विचारले, “आबा, यंदा चढण सोडायची?” वाडीत आबांचा शब्द चालतो. ते म्हणाले असते तर ओढा मोकळा राहिला असता. ते म्हणाले, “बघू.”

दुसऱ्या वर्षी, बघू. तिसऱ्या वर्षी, बघू. असे सहा वेळा. चढण सोडा म्हणायचे तर आधी कबूल करायला हवे होते, की ज्या खाचेसाठी वाडीने खांद्यावर घेतले ती खाच म्हणजे मान नव्हता. मला हे कळत होते. अंगठा मलाच लागत होता ना.

आता आजची सकाळ, शनिवारची. ओढा कालपासून चढला होता. नऊच्या सुमारास आरडाओरडा ऐकू आला.

“आबाऽ! फळी काढाऽ! फळी!”

नंदाबाई धावत येत होत्या. साठीच्या जवळ आलेली बाई, लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, आणि पुढे त्यांचा मुलगा सत्यम कपडे भिजवायचा निळा टब पोटाशी धरून. टबातले पाणी उडत होते. आत काहीतरी आपटत होते. नंदाबाईंनी तो मासा आपल्या भाताच्या खाचराशेजारच्या पाटात, दोन दगडांमध्ये, हातांनी धरला होता.

माधवीबाईंनी टबात पाहिले, आणि मित्रांनो, सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून पेन्सिल पडली.

“खडशी आहे,” त्या म्हणाल्या. “मावशी, ही खडशी आहे! जिवंत आहे!”

एकोणीस वर्षांनी! माझे लाकूड फुगले असेल असे मला वाटले. मला पाण्याने भिजवले गेले. ओले हात. मासा माझ्यावर आला. तोच थंडपणा, तेच मोठे खवले, तीच शेपटी! नाक पट्टीला टेकले. मी आयुष्यात इतक्या मनापासून कधी मोजले नव्हते. त्रेसष्ट पूर्णांक चार. आकडा घेतला आणि खडशी लगेच पुन्हा टबात गेली.

तोवर अर्धी वाडी जमली होती.

“कुसगावच्या हॉटेलात फोन लावू का?” सत्यमने विचारले. तो तिथे गाडी चालवतो. “सायेब लय खूश हुतील.”

“फोन ठिव खिशात,” नंदाबाई म्हणाल्या. “आदी खाच. आबा, चाकू काडा. चाळीस वर्सं झाली, बाप्यांच्याच खाचा बघतीया मी. यंदा माजी.”

कोणीतरी हसले. आबांनी चाकू उघडला आणि पाते त्रेसष्टच्या रेघेपुढे टेकवले. माझ्या कडेला ते थंड लागले. पण आबा ते दाबेनात.

“काय झालं?” नंदाबाई म्हणाल्या. “बाईमानसाची खाच म्हनल्यावर पातं बोथट झालं व्हय?”

आता मोठा हशा झाला. नंदाबाईही हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी ओला हात लुगड्याला पुसायला नेला. तो तसाच थांबला. तळव्याला पिवळे, टपोरे दाणे चिकटले होते.

“ही भरल्याली हाय,” त्या हळू म्हणाल्या. मग आबांकडे बघून, अगदी सहज, काही आठवल्यासारखे म्हणाल्या, “तुमची ती चौऱ्यान्नवची बी भरल्यालीच हुती की वं. म्याच तर कापली हुती. नवी नवरी हुते. ह्येऽ टोपलंभर गाबोळी निघाली. समद्या वाडीनं खाल्ली.”

हशा थांबला. टबात खडशी एकदा आपटली. माधवीबाई टबाशी बसल्या होत्या, ओढ्याचे ताजे पाणी तांब्याने ओतत. त्यांनी या वर्षी प्रश्न विचारला नव्हता. आताही विचारला नाही. फक्त म्हणाल्या, “टबातला प्राणवायू फार वेळ पुरणार नाही.”

आबांनी चाकू उचलला. दुसऱ्या हाताचा अंगठा चौऱ्याण्णवच्या खाचेत गेला आणि तिच्या गुळगुळीत कडेवरून एकदा फिरला.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडलेच असते. आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात तळे असेल, नदी असेल, नाहीतर दारची विहीर. तिथले फक्त सगळ्यात मोठे मोजू नका. लहानही मोजा, आणि यंदा दिसले नाही तेही लिहून ठेवा. आकडे एका बाजूला सरकू लागले, की कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघू नका. मी बावीस वर्षे खरे तेच दाखवले आणि तरी उशीर केला. पण आज त्या टबात एक शेपटी हलत होती.

आबांनी पाते पुन्हा टेकवले आणि दाबले. करकर वाजली. खाच पडली: त्रेसष्ट पूर्णांक चार, माझ्या अंगावरची तेविसावी. त्यांनी लाकडाचा भुसा फुंकून उडवला.

“ही घे तुजी खाच, नंदे. जिता सोडायच्या माशाची ही पयलीच,” ते म्हणाले. मग चाकू मिटून खिशात टाकला, उभे राहिले आणि मागच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले:

“सत्यम, टब उचल आन् घावली तिथनं वर, खडकाच्या डोहात सोड तिला. आन् ऐका रं समदे. माजी खाच चुकली हुती. आजपासनं चढणीचा मासा ह्या वाडीत कुनीबी धरायचा न्हाई.”