अपुरी साक्ष

रघुनाथ उजागरे उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले, तशी सतरंजीवर पुढे बसलेली पोरं ओठ हलवू लागली.

"सन एकोणऐंशी. नाताळच्या आदल्या दिवशी मी गुत्त्यातून निघालो, आणि प्रभूनं माझा हात धरला..."

नगर सोडून सिल्वासाला आल्याला नऊ वर्षं झाली होती. डोकमर्डीच्या या खोलीत दर महिन्याच्या उपासनेला हीच साक्ष, शब्दाला शब्द. पण आज त्या पोरांत त्यांना आपली लेक वैशालीही दिसली. "त्या दिवसापासून थेंब नाही," हे वाक्य तिनं त्यांच्याआधी संपवलं.

घरी जाताना त्यांची बायको विजयाबाई नेहमीप्रमाणे त्यांच्या डाव्या अंगाला होत्या. विजयाबाईंना फक्त उजव्या कानानं ऐकू येई.

"अहो, एकोणऐंशीनंतर देवानं तुमच्याकडे बघितलंच नाही वाटतं?"

"चेष्टा नको करू. बारा तास गलोंड्याच्या सूतगिरणीत मशीनवर उभा असतो. नवी साक्ष कुठून आणू?"

"जुनीच पुरी सांगा की."

साक्षीत गुत्ता होता, थरथरणारे हात होते, प्रभू होता. अठ्ठ्याहत्तर साली बाटली लपवली म्हणून बायकोच्या कानाखाली मारलेली थप्पड नव्हती. कानाचं कोणी विचारलं तर विजयाबाईच सांगत, "ताप डोक्यात गेला होता." दारू सुटली, त्या दिवसाच्या मागे साक्षीत रघुनाथ एक पाऊलही गेले नव्हते.

महिनाभर तुटलेलं सूत जोडताना ते पुटपुटत राहिले.

"काय उजागरेभाई, मशीनसंगे गप्पा चालू?" शेजारचा भास्कर हसला.

"प्रार्थना करतोय."

"मंग प्रमोशन मागा! नऊ वरसं झाली, अजून ऑपरेटरच."

पुढच्या उपासनेला ते उभे राहिले. पोरं तयारच होती.

"सन अठ्ठ्याहत्तर," रघुनाथ म्हणाले.

पोरांचे ओठ थांबले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मान वर केली.

"बायकोचा कान तापानं नाही गेला. मी मारलं. दारूच्या नशेत." आवाज इतका खाली गेला की शेवटचे शब्द पुढच्या ओळीपुरतेच उरले.

कोणी आमेन म्हटलं नाही. वैशाली सतरंजीचा दोरा ओढत राहिली. पलीकडे बायकांच्या बाजूला विजयाबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. शेजारी बसलेल्या केसरबाई सांगायला त्यांच्याकडे झुकल्या, तसा विजयाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. गुडघ्यावर भार देत त्या उठल्या, मधली वाट ओलांडली आणि पुरुषांच्या सतरंजीवर, नवऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन बसल्या. उजवा कान त्यांच्याकडे करून.

"मला ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

रघुनाथांनी भिंतीला हात टेकवला.

"सन अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले.