शिरूरला न गेलेली ब्लँकेटं

"गौते, ही लाल दोऱ्याची नक्षी कशापायी गं? सरांनी किनारी शिवायला सांगितल्यात नव्हं?"

धुरपदा मावशी उलथनं हातात घेऊनच शिवणाच्या खोलीत आली होती. खाली फरशीवर सात-आठ पोरी ब्लँकेटं मांडीवर घेऊन बसलेल्या. सगळ्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास.

गौतमीनं दातानं दोरा तोडला. "किनारीच शिवतीय मावशे. जरा लांबवर शिवतीय."

"काय लिवलंय ह्ये?"

"आयुष."

मावशीनं कोपऱ्यावरच्या साखळी टाक्यांवरनं बोट फिरवलं. मग तिच्या ध्यानात आलं. "आगं ए भवाने! ही उद्या शिरूरला जायची हायेत!"

"जातील की. नाव बघून जातील."

दौंडचं हे बालगृह इंग्रजांच्या काळातलं. दुष्काळात स्टेशनावर सापडलेली पोरं सरकारनं इथं आणली, दगडी इमारतीवर उद्योगशाळा असं नाव लावलं आणि पोरांना मागावर बसवलं. मावशीचा आजा त्यातलाच. "रेल्वेच्या सायबासाठी रग विणायचा," मावशी सांगायची, "आन् निजायचा गोणपाटात." पुढं साहेब गेला, माग मोडीत निघाले, संस्था आली. अनुदान तेवढं येत राहिलं. उद्योगाचा तासही राहिला, फक्त आता त्यात शिवणकाम होतं. तो तास गौतमी घ्यायची. गणिताच्या बाईंशी भांडून तिनं नववीत शाळा सोडली होती, पण सुई हातात आली की तिचं डोकं थंड व्हायचं. एरवी कधीच नाही.

संस्थेची घरं दोन, एक दौंडला, एक शिरूरला. ब्लँकेटांचे पैसे सरकार दोन्हीकडचे द्यायचं. ब्लँकेटं मात्र एकाच घरापुरती होती. तपासणी आली की ती कपाटातनं निघायची, दिवसभर इथल्या कॉटवर पसरायची आणि संध्याकाळी टेम्पोत बसून शिरूरला जायची, कारण दुसऱ्या दिवशी तपासणी तिथं. ती उरकली की पुन्हा कपाटात. पोरं आपली विटक्या चादरीत मुटकुळं करून झोपायची. औंदा थंडी बेक्कार पडली होती. सगळ्यात लहान आयुष रात्रभर खोकायचा, खोकून खोकून उठून बसायचा. या वेळी ब्लँकेटं पोरांच्या अंगावरून काढू द्यायची नाहीत, असं गौतमीनं ठरवलं होतं. बस. पुढचं पुढं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मॅडम आल्या. अधीक्षक जयसिंग सर पुढं पुढं करत होते. "या मॅडम, हे शयनगृह."

मॅडम पहिल्या कॉटपाशीच थांबल्या. ब्लँकेटाची घडी गौतमीनं अशी घातली होती की कोपरा बरोबर वर यावा.

"मोनाली. मोनाली कोण?"

"मी," मोनाली म्हणाली. "त्ये माझं हाय."

मॅडम पुढच्या कॉटकडं गेल्या. सुवर्णा. मग आयुष. मग नवनाथ. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत, हसत. "अरे वा, सर! असं कुठं नाही बघितलं मी. आता याचं त्याला जायला नको." त्यांनी मोबाईलवर फोटो काढले. "उद्या शिरूरला येतेय मी. तिथंही असंच केलंय ना?"

सरांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला. "म्हंजे... चालू आहे मॅडम. काम चालू आहे."

गौतमी दारात ओढणीचं टोक चावत उभी होती. हसू दाबायला.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली तसे सर आले ते वाघासारखे.

"कुणी सांगितलं होतं तुला? आँ?"

"तुम्हीच म्हणला ना सर, पोरींना उद्योग लावून ठेव."

"जीभ आवर! टेम्पो आलाय. तासाभरात सगळी नावं उसवून पाहिजेत मला."

"न्हाई उसवणार."

"गौतमी, दिवाळीतच अठरा पूर्ण झालीत तुला. कागदावर तू इथं नाहीसच. माझ्या मेहरबानीवर राहतीयस."

"मग जी कागदावरच न्हाई, तिला काढणार कुठनं सर?"

स्वयंपाकघराच्या दारातनं धुरपदा मावशीला ठसका लागला. तो खोकल्याचा नव्हता.

सरांनी कात्री उचलली आणि मोनालीच्या हातात कोंबली. "तू उसव."

मोनालीनं कात्री उलटसुलट करून बघितली. एकदा गौतमीकडं बघितलं. मग अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "सर, आम्हाला फक्त शिवायला शिकवलंय. उसवायचा धडा अजून व्हायचाय."

"सुवर्णा!"

"मला बी न्हाई येत सर."

एकेक पोर आपापल्या कॉटवर चढलं आणि ब्लँकेट डोक्यावरनं ओढून बसलं. शयनगृहात नुसते ढिगारे. त्यातला एक ढिगारा खोकत होता. सरांनी आयुषच्या ब्लँकेटाचं टोक धरलं. ते आतनं दोन्ही मुठींनी घट्ट धरलेलं होतं. सरांनी एक हिसका मारला. दुसरा मारायला हात उचलला, तर मावशी मध्ये येऊन उभी राहिली. उलथनं हातातच होतं.

सरांनी हात खाली घेतला. खिशात फोन वाजत होता, शिरूरचाच असणार. तो त्यांनी वाजू दिला.

"हौसराव!" ते अंगणाकडं तोंड करून ओरडले. "टेम्पो रिकामाच ने. आणि हिला एसटी स्टँडवर सोड. परत या फाटकात दिसली तर बघ."

गौतमीला हे ठाऊकच होतं. बारा वर्षांची होती तेव्हापासनं हेच घर. तिनं दोन ड्रेस पिशवीत कोंबले. मावशीनं चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि तोंड फिरवून चुलीकडं गेली.

आयुषनं ब्लँकेटातनं नाक बाहेर काढलं. "ताई, तुझं कुठंय?"

"माझं काय?"

"नावाचं ब्लँकेट."

"मला उकडतं," ती म्हणाली आणि भराभरा बाहेर पडली.

हौसराव मामानं टेम्पो चालू केला. फाटक मागं पडल्यावर म्हणाला, "स्टँडला ना?"

"न्हाई. शिरूरला."

"तिथं कोण हाय तुझं?"

"तिथं बी पोरं हायेत की मामा, उघडी. उद्या मॅडम येणार. मी त्यास्नी सांगणार, शिरूरच्या ब्लँकेटांचे पैसे बी सरकार देतंय म्हणून. इचारा म्हणावं, कुठं गेले."

"आगं, माझी नोकरी जाईल."

"तुम्ही कोपऱ्यावरच सोडा. वळखच न्हाई आपली."

स्टँडचं वळण आलं. मामानं एकदा आरशात बघितलं आणि गाडी सरळ नेली.

दिवस बुडाला होता. उसाच्या ट्रॅक्टरमागनं टेम्पो रखडत चालला. तिच्या बाजूची काच अर्धीच वर यायची. वारं सुरीसारखं आत शिरत होतं. मामानं गळ्यातली मफलर सोडून पुढं केली. "घे."

"ऱ्हाऊ द्या. थंडी वाजली की मला नीट राग येतो."

मामा हसला आणि मफलर सीटवर मध्येच ठेवली. गौतमीनं तिला हात लावला नाही. दात वाजू नयेत म्हणून जबडा घट्ट आवळून, पिशवी पोटाशी धरून, ती ताठ बसून राहिली, समोरच्या रस्त्याकडं बघत.